या वेळी अंगणच वाकडं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोटारीमागे ओढायच्या घडीच्या घरांवरचा लेख वाचला. मुक्कामी उघडायची, निघताना मिटवायची, पण तंबूसारखी कापडी नव्हे तर कडक भिंतींची गाडी, असा तो विषय. फोटो झकास होते. पण शेवटी लेखकांनी सहज एक वाक्य टाकलंय, की या गाड्यांची दारं-छपरं आपल्या रस्त्यांवर वर्ष-दोन वर्षांत जुळेनाशी होतात, म्हणून हे खूळ इकडे टिकायचं नाही. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय. लांबलंय, याची कल्पना आहे. काटछाट करायचीच तर माझ्याबद्दलचं काटा, मापं तेवढी ठेवा.

मी कापड गिरणीत जॉबर होतो, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा मुकादम. गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागातल्या कारखान्यांमध्ये टॉवेलच्या मागांची दुरुस्ती केली. आता हात थोडा थरथरतो, डोळा शाबूत आहे. मागावरचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो, उडायला लागला की नवशिका पोरगा आधी धोट्याच्या पेटीला हात घालतो. पेटी हलवतो, पट्टा आवळतो, काहीतरी ठोकतो. जुना माणूस त्याला बाजूला सारतो आणि क्रँकशाफ्टवर स्पिरिट लेव्हल ठेवतो. माग जमिनीवर सारखा बसलेला नसेल तर वर काहीही करा, धोटा उडणारच. घडीच्या गाडीचंही तेच आहे. छप्पर जुळत नाही म्हणून छपराच्या मागे लागू नये.

आमच्या जावईबापूंनी अडीच वर्षांपूर्वी अशी एक गाडी बनवून घेतली. ते राहतात जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे गाडी उभी असते आमच्या अंगणात. मिटलेली असताना ती जेमतेम पाच फूट उंच असते, म्हणूनच आमच्या बोळातून आत येते. ओढताना मोटारीच्या आरशातून मागचं दिसतं, वारा कमी लागतो, आणि वाखरीच्या माळावर पाऊस-वारा आला तर तंबूसारखी फडफडत नाही. घडीचा आणि कडक भिंतीचा फायदा तो हाच.

रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोखंडी सांगाडा, त्यावर कमरेएवढ्या उंचीची पेटी. पेटीच्या पुढच्या कडेला एक छप्पर बिजागरीवर, मागच्या कडेला दुसरं. दोन्ही वर उचलली की नमस्काराला हात जोडावेत तशी माथ्यावर येऊन भिडतात. मग दोन्ही बाजूंच्या तिकोनी भिंती आत आडव्या पडलेल्या असतात, त्या उभ्या करायच्या आणि छपरांच्या कडेला कड्या लावायच्या. दाराचा खालचा अर्धा भाग पेटीत, वरचा अर्धा तिकोनी भिंतीत. छपराला खालून स्प्रिंगा असतात, त्यामुळे आमची सौभाग्यवतीसुद्धा एका हाताने उचलते. भिंती-छपरं म्हणजे बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये फोम, आतून प्लाय, आणि कडेने लाकडी पट्टी.

आता बघा, या सगळ्यात माथ्यावर भिडणाऱ्या दोन कडा खालच्या पेटीच्या दोन कडांवरून आलेल्या आहेत. खाली पुढची कड आणि मागची कड एकमेकींना समांतर असतील तरच वर त्या जुळतील. पेटीला पाच फुटांच्या रुंदीत एका कोपऱ्यावर अर्धा इंच पीळ बसला, तर तो अर्धा इंच जसाच्या तसा माथ्यावर जाऊन दिसणार. रेल्वेवाले रुळांतला असा पीळ वेगळा मोजतात, नुसती पातळी बघून थांबत नाहीत. घडीच्या गाडीच्या मालकाला मात्र कुणी हे सांगत नाही. त्याला वाटतं छप्पर बिघडलं.

आमचं बिघडायला सुरुवात झाली गेल्या वर्षीच्या आषाढीला, आणि त्याला कारण आपली काळी माती. वाखरीजवळ एका शेताच्या कडेला गाडी लावली होती. चार कोपऱ्यांखाली चार छोटे जॅक असतात, स्क्रूचे, आत माणसं वावरताना गाडी हलू नये म्हणून. त्यांच्या तळाला तीन इंची चौकोनी पत्रा. रात्री पाऊस झाला. पहाटे मागचा डावा जॅक मातीत रुतला, पेटी पिळली आणि दार घट्ट बसलं. आत विहीणबाई. बाहेर चहा. आमचे जावईबापू दार ओढतायत, विहीणबाई आतून हरिपाठ म्हणतायत, शेजारच्या दिंडीतले दोघे खांदा द्यायला आलेत. शेवटी जावईबापूंनी मागचा डावा जॅक सहा फेरे फिरवून कोपरा वर उचलला आणि दार सुटलं.

इथपर्यंत ठीक. पण जावईबापू बँकेतले. त्यांनी वहीत लिहून ठेवलं: ‘मागचा डावा, सहा फेरे जास्त.’ तिथून पुढे तुळजापूरला, अक्कलकोटला, आमच्या अंगणात, जिथे गाडी लागेल तिथे तो कोपरा सहा फेरे जास्त. चाक जवळजवळ अधांतरी. एका रात्रीच्या चिखलाचं औषध वर्षभर चालू!

जॅकच्या तळाखाली एक फुटी फळी ठेवली असती तर हे काहीच झालं नसतं. तीन इंची पत्रा म्हणजे नऊ चौरस इंच, एक फुटी फळी म्हणजे एकशे चव्वेचाळीस. वजन तेच, पण जमिनीवरचा दाब १६ पट कमी. काळ्या मातीला एवढं पुरतं. जाडजूड फळी हवी, प्लायचा तुकडा नको, तो वाकतो.

नवरात्रात तुळजापूरहून परत आल्यावर माथ्यावर फट दिसली. डावीकडे अर्धा इंच, उजवीकडे कडा चिकटलेल्या. शिवाय डावीकडे मागचं छप्पर पुढच्यापेक्षा वर. सौभाग्यवती म्हणाली, ‘राहतात जुळ्यात आणि छपराचं काही जुळंना.’ मी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरात बसून होतो, नाहीतर पुढचा प्रकार होऊ दिला नसता.

मे महिन्यात गाडी एका गॅरेजवाल्याकडे गेली. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं काम उत्तम करतो. त्याने दुपारी दोन वाजता, उन्हात, उताराच्या जागेवर, जॅक तसेच वर ठेवून काम केलं. माथ्याची कडी कानसून मोठी केली. मागच्या बिजागरीला हातोडा मारून ती खाली दाबली. तरी जुळेना म्हणून बिजागरीचे स्क्रू काढून बाजूला नवीन भोकं पाडली. तेव्हा जुळलं. साडेचार हजार घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर उजवीकडे फट! पुन्हा नेली, पुन्हा कानस, आणखी अठराशे. मग दाराचा वरचा अर्धा भाग खालच्याला घासायला लागला. आणि मृगाचा पहिला पाऊस थेट आत, विहीणबाईंच्या गादीवर.

जूनमध्ये मी म्हटलं, आता कुणी हात लावायचा नाही.

पहिला दिवस मी एकही पाना उचलला नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, पाणी भरलं, बुडबुडा काढला. बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, हे पोरांना सांगावं लागतं. आधी अंगणच मोजलं. आमचं अंगण गटारीकडे उतरतं, तसं ते मुद्दामच केलेलं आहे, पाणी जावं म्हणून. दोन चाकांच्या जागेत २२ मिलिमीटरचा फरक. नाचता येईना अंगण वाकडे असं आपण दुसऱ्याला हिणवतो. इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि बिचारी गाडी निमूट नाचत होती.

मग सांगाड्याचे चार कोपरे मोजले. तीन कोपरे एका पातळीत बसत होते, चौथा, तोच मागचा डावा, १४ मिलिमीटर वर. चारही जॅक सोडले. गाडी चाकांवर आणि पुढच्या टेकूवर उभी राहिली. पाच मिनिटं थांबलो. पुन्हा मोजलं तर १४चे ३ झाले. छपराला स्पर्श न करता! जावईबापू म्हणाले, ‘मामा, म्हणजे सहा हजार तीनशे पाण्यात?’ मी म्हटलं, ‘पाण्याच्या नळीत.’

जॅक असतात ते गाडी स्थिर धरायला, उचलायला नव्हे. त्यामुळे क्रम असा पाहिजे: मोटारीला जोडलेली असतानाच खालच्या बाजूचं चाक फळीवर चढवून डावी-उजवी पातळी साधायची. दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे अडण, लावायची. मग मोटार सोडायची आणि पुढच्या टेकूचा दांडा फिरवून पुढची-मागची पातळी घ्यायची. आणि सगळ्यात शेवटी चारही जॅक जमिनीला टेकेपर्यंत खाली आणून त्याच दिशेने आणखी अर्धा फेरा. बस. छप्पर त्यानंतर उघडायचं. हे इतकं साधं आहे की लेखात ते असतं तर दोन ओळींत मावलं असतं.

उरलेले तीन मिलिमीटर मात्र सहज जाईनात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. सांगाड्याचे कर्ण मोजले. आमचा सांगाडा १२ फूट लांब आणि ५ फूट रुंद आहे, म्हणजे कर्ण बरोबर १३ फूट यायला हवा. ५, १२, १३ हा हिशोब शाळेत केला होता, त्याचा उपयोग साठ वर्षांनी झाला. एक कर्ण १३ फूट, दुसरा त्याहून जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त. म्हणजे आडवा सांगाडा काटकोनात होता, दोष उभ्या पिळाचा होता. खाली चटई टाकून, टॉर्च लावून बघितलं. मागच्या आडव्या पट्टीचा डावीकडचा वेल्डिंगचा जोड तडकलेला. वर्षभर कोपरा उचलून धरला की दुसरं काय होणार?

वेल्डिंग करताना एक खबरदारी घ्यावी लागते, ती आमच्या गल्लीतल्या वेल्डरला आधीच माहीत होती, म्हणून मला तो आवडला. वेल्डिंगचा रस थंड होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे खेचतो. एका बाजूने सरळ लांब ओढत गेलात तर सरळ केलेला सांगाडा तुमच्या डोळ्यांदेखत वाकडा होतो. आम्ही चारही कोपरे स्टँडवर घेऊन नळीने पातळीत आणले, क्लँपने आवळले, नुसते टाके मारले. एक इथे, एक समोर. मध्ये थंड होऊ दिलं, पुन्हा मापलं, मग पूर्ण भरलं. दोन तासांचं काम दिवसभर चाललं. शेवटी एक मिलिमीटर राहिला, तो पेटी आणि सांगाड्याच्या मध्ये एक मिलिमीटर पत्र्याचं पॅकिंग घालून काढला. मागाखालीसुद्धा आम्ही असंच करायचो.

आता उन्हाची गोष्ट. माझ्या मते सोलापुरात या गाड्यांचा खरा शत्रू खड्डा नाही, ऊन आहे. खड्ड्याने स्क्रू ढिले होतात, ते दिसतं आणि आवळता येतं. उन्हाने काय होतं ते दिसत नाही. बाहेरचा पत्रा दुपारी सहज साठ-पासष्ट अंशांवर जातो, आतला प्लाय त्या मानाने गार. बाहेरचा पत्रा फुगून लांब होतो, आतला होत नाही, मध्ये दोघांना फोमने चिकटवलेलं. मग पापड भाजताना वळतो तसं अख्खं छप्पर बाहेरच्या बाजूला पोट काढतं. मी छपराच्या लांबीत दोरा ताणून बघितला. दुपारी अडीचला मध्यावर सात मिलिमीटरचं पोट. पहाटे सहाला एक. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, हेही लक्षात घ्या. दहा फुटी पट्टी चाळीस अंशांनी तापली तर ॲल्युमिनियमची सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढेल, लोखंडाची दीडच्या आतबाहेर. दोन्ही धातू जिथे एकाच स्क्रूने आवळलेत तिथे त्या स्क्रूचं भोक रोज थोडं थोडं लांबट होत जातं.

मे महिन्यातल्या दुपारी दोनला गॅरेजवाल्याने जे जुळवलं ते पहाटे का सुटलं, हे आता कळलं असेल. त्याने पोट काढलेलं छप्पर जुळवलं होतं. तेव्हा माझं ऐकाल तर माप घ्यायचं ते पहाटे, ऊन चढायच्या आत, आणि तेही गाडी रात्रभर उघडी ठेवून. आम्ही जूनभर पाच वाजता उठत होतो. सौभाग्यवती म्हणाली, गिरणीची पहिली पाळी पुन्हा सुरू झाली वाटतं. भोंगा तेवढा नव्हता.

बिजागरीचं काम सर्वात किचकट, कारण दुसऱ्याची चूक निस्तरायची होती. हातोडा खाल्लेली लांब पियानो बिजागरी सरळ होत नाही, तिच्या पिनेला बाक राहतो, ती बदलावी लागते. पण नवीन लावणार कुठे? जुन्या भोकांपासून पाव इंचावर नवी भोकं, दोन्ही मिळून एकच मोठी फट झालेली. लाकडी पट्टी दाभणाने टोचून बघितली. एक वीतभर भागात दाभण लोण्यात शिरावं तसं शिरलं. पावसाचं पाणी स्क्रूच्या भोकांतून आत जाऊन पट्टी कुजायला लागली होती. वरून नाण्याने टकटक केलं तरी कळतं: चांगल्या जागी टणक आवाज, कुजल्या जागी भदभद. तेवढी पट्टी काढून सागवानी तुकडा बसवला. बाकी भोकांत सागाच्या खुंट्या इपॉक्सीत बुडवून ठोकल्या, एक दिवस वाळू दिल्या, आणि मग मूळ जागी, म्हणजे कारागिराने पहिल्यांदा आखलेल्या रेषेवर, नवीन भोकं पाडली. प्रत्येक स्क्रू बसवताना भोकात सीलंट भरलं. ही पायरी बनवणाऱ्याने वगळली होती. लेखकांचं म्हणणं इथे मात्र मला मान्य आहे. फोटो बघून गाड्या बनवणारे आपल्याकडचे कारागीर पत्र्याच्या कडा आणि स्क्रूची भोकं बंद करत नाहीत, आणि मजबुतीच्या नावाखाली जाड अँगल घालून वजन मात्र वाढवतात.

स्प्रिंगा बघितल्या तर डावीकडची ढिली. म्हणून छप्पर उचलताना उजवी बाजू आधी वर यायची, डावी मागून, आणि दर वेळी छपराला थोडा हिसका बसायचा. जोडीनेच बदलल्या. आणि एक सवय बदलली: छप्पर कोपऱ्याला धरून उचलायचं नाही, मधोमध धरून उचलायचं. कोपरा सोयीचा असतो, कारण आपण दारापाशी उभे असतो.

सगळं झाल्यावर मग कडी आणि रबर. कानसलेली कडी फेकून नवी लावली. रबर वर्षभर एकाच जागी जास्त दबून चपटं झालं होतं, ते बदललं. रबराला कुणी तेल-ग्रीस लावायला सांगितलं तर लावू नका. दार-छपराच्या कडेचं बहुतेक रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, आणि पुन्हा छप्पर जुळेना म्हणून तुम्ही गॅरेज गाठाल. सिलिकॉनचा फवारा चालतो. मग मी माथ्यावर झारीने पाणी ओतलं आणि जावईबापूंना आत बसवलं. छत्री घेऊन बसले होते. तेवढा विश्वास!

चाकांचं वेगळं सांगतो, कारण छपराशी त्याचा संबंध नव्हता, पण सांगाड्याखाली शिरलोच होतो म्हणून सापडलं. डाव्या टायरवरून तळहात फिरवला. बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर करवतीसारखं. म्हणजे चाक सरळ न धावता घासत धावतं. मोटारीच्या गोळ्यावर बसतो त्या कपलरच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्यापर्यंत टेप लावला. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत, ११ मिलिमीटरचा फरक आला. डाव्या कमानपाट्याचा सेंटर बोल्ट तुटला होता आणि यू बोल्ट ढिले, त्यामुळे ॲक्सल पाट्याखाली सरकला होता. सेंटर बोल्ट नवा, यू बोल्ट नवे, आवळून ऐंशी किलोमीटर चालवून पुन्हा आवळले. हे दुसऱ्यांदा आवळणं कुणी करत नाही. मोहोळपर्यंत जाऊन आलो, तेवढ्यात भरतं. बाकी पुढच्या कपलरवर किती वजन पडतं तेही ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर बघितलं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पडावं, आमच्याकडे साडेसहाशेच्या गाडीत ३८ किलो पडत होतं, कारण पाण्याची टाकी आणि विहीणबाईंची भांडी, दोन्ही मागे. भांडी पुढे आली, गाडी शेपटी हलवायची थांबली.

लेखात अमेरिकेचे दाखले होते, म्हणून त्याबद्दलही. तिकडे कडक भिंतींच्या घडीच्या गाड्या अनेक तऱ्हांच्या निघाल्या. मिशिगनमधल्या लपीर गावच्या अपाची गाड्यांना १९७० च्या दशकात प्लास्टिकच्या कडक भिंती होत्या. ओहायोच्या हाय-लो गाडीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर डब्याच्या झाकणासारखा उतरतो. ट्रेलमॅनॉर नावाच्या गाडीत वजन तोलायला पिळाच्या सळ्या असतात. आमच्यासारखी नमस्काराची तऱ्हा तिकडे अलायनरमुळे लोकांना माहीत झाली. उचलायची यंत्रणा प्रत्येकाची निराळी. जिथे दोऱ्या आहेत तिथे चारही दोऱ्यांची लांबी सारखी करावी लागते, जिथे सळ्या आहेत तिथे त्यांचा ताण. तेव्हा भाच्याने पाठवलेला कुठलाही व्हिडिओ बघून आपल्या गाडीची नटं फिरवू नका. पण जमीन, चाकं, सांगाडा, पेटी, बिजागरी, छप्पर आणि शेवटी कडी, हा क्रम सगळ्यांना सारखा. वरचं काम हातात घेण्याआधी खालचं पुरं झालेलं असलं पाहिजे. गॅरेजवाल्याने तो नेमका उलटा धरला होता.

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्या उभ्या करायच्या जागांचाही विचार आहे. जागा मोठी नसली तरी चालेल. आपल्याकडे पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशी तीन तीर्थं दीड-दोन तासांच्या अंतरात आहेत. तिथल्या वाहनतळांवर वीस फूट बाय दहा फुटांचे चार-दोन काँक्रीटचे चौथरे, पातळीत, बांधले तर बरं होईल. पातळीत म्हणजे खरोखर पातळीत, ठेकेदाराच्या नव्हे. ते तपासायला नळी घेऊन मी स्वतः येईन, एसटीने.

लेखकांना माझं निमंत्रण आहे. कुठल्याही दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या अंगणात यावं, पत्ता आपल्याकडे दिला आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळेल. छप्पर स्वतः उघडून बघावं. आषाढीला या वर्षी गाडी फळ्या घेऊन वाखरीला गेली, पाऊस तसाच झाला, दार उघडलं. जावईबापूंच्या वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही, त्यावर नुसती काट मारली आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डावीकडे माथ्यावर अजून दीड मिलिमीटरची फट राहते, दिवाळीपासून, थंडी पडल्यावर दिसायला लागली. रबर ती भरून काढतं, पाणी येत नाही. नवा सागवानी तुकडा वाळून आकसला असावा असा माझा अंदाज आहे. आत्ता छेडणार नाही. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली, थंडी पुरती मुरली, की एका पहाटे पुन्हा नळी लावीन. आकडा बदलला तर कळवतो.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
अशोक चौक परिसर, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. छापू नये, लोक माग दुरुस्तीला बोलावतात.)